इंटरनेटची लाइन बदलताना आधी काय विचारावे?

सूत खरेदी करताना आपला माणूस दहा ठिकाणी भाव विचारतो. काउंट पाहतो, कोन हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो, तार ओढून पाहतो, आणि मगच दलालाला हो म्हणतो. तोच माणूस घरात इंटरनेटची लाइन घ्यायची असली की गल्लीच्या तोंडावरच्या बॅनरवरचा नंबर फिरवतो आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊन मोकळा होतो. दुसऱ्याला कशाला नावे ठेवायची, आम्हीही हेच केले. गेल्या पावसाळ्यात मालेगावात आमच्या घरची लाइन आम्ही रागाच्या भरात बदलली, आणि नऊ दिवस घर लाइनविना राहिले. त्या नऊ दिवसांत जे कळले ते आमच्या व्यापारी आणि कारागीर भावांच्या कानावर घालावे, म्हणून हा लेख.

घरच्या लाइनला एवढे महत्त्व कशाला, ती तर मुलांच्या व्हिडिओसाठी असते, असे म्हणणारे अजून आहेत. त्यांनी जरा आपल्याच घराकडे पाहावे. आमच्याकडचा ग्रे कपडा बालोतरा आणि पालीला रंगाईला जातो. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर पाठवायचा तर ई-वे बिल लागते. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइसही काढावे लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला ११ तारखेच्या आत विक्रीची बिले चढवावी लागतात. ती तारीख चुकली की समोरच्या पार्टीच्या २बी मध्ये आपले बिल त्या महिन्यात दिसत नाही, आणि मग पार्टी पैसे अडवून बसते. तिचेही चूक नसते. दुकान संध्याकाळी बंद होते, पण हे काम रात्री घरी बसूनच होते.

दुसरी गोष्ट घरातल्या स्त्रियांची. आमची सून घरूनच दुपट्टे आणि ड्रेस मटेरियल विकते. फोटो टाकणे, ऑर्डर पाहणे, लेबल छापणे, पार्सलवाल्याला कळवणे हे सगळे ती वरच्या खोलीतून करते. बाजारात गाळा घ्यायचा तर पागडी आणि भाडे किती लागते हे वाचकांना सांगायला नको. तिचा गाळा म्हणजे ही लाइन. अशा किती घरांत किती मुली आणि सुना आज काम करीत आहेत, याची मोजदाद कोणी करीत नाही, पण प्रत्येक मोहल्ल्यात त्या आहेत.

आता झालेला प्रकार सांगतो. आमची जुनी लाइन मोहल्ल्यातल्याच एका मुलाची होती. आधी केबल टीव्हीचा धंदा, पुढे फायबर. मुलगा चांगला, आम्हाला चाचा म्हणणारा. पण संध्याकाळी सात ते अकरा लाइन रखडायची, पाऊस आला की एक-दोन दिवस बंद, आणि बिल कधीच नाही. पैसे रोख आणि पावतीच्या जागी व्हॉट्सअॅपवर अंगठ्याची खूण. एका रात्री विवरणपत्र भरताना लाइन तिसऱ्यांदा गेली तेव्हा आमचा तोल सुटला. सकाळी त्याला बोलावले, हिशेब विचारला आणि तुझी पेटी घेऊन जा म्हणून सांगितले. त्याने संध्याकाळपर्यंत पेटी काढून नेली. त्या दिवशी महिन्याची ६ तारीख होती. नव्या कंपनीच्या माणसाने दोन दिवसांत लाइन देतो म्हटले होते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

पहिली चूक इथेच झाली. मोबाइलची कंपनी बदलताना नंबर तोच राहतो आणि जुने सिम नवे चालू होईपर्यंत चालते. ही सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली, आणि आपल्या मनात तीच पद्धत बसली आहे. फायबरचे तसे नाही. इथे खांबावरून घरापर्यंत खरोखरीची काचेची तार आणावी लागते. जुन्या कंपनीची तार नव्या कंपनीच्या कामाची नसते. म्हणून एक लाइन चालू असतानाच दुसरी बसवून घ्यावी, आठ-पंधरा दिवस दोन्ही ठेवाव्यात, आणि नवीचा भरवसा वाटला की मगच जुनी सोडावी. एका महिन्याचे पाचसहाशे रुपये जास्त जातात. आम्ही ते वाचवायला गेलो आणि त्याच्या कितीतरी पट घालवले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा पहिला माणूस आला. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबावर जी पेटी असते ती उघडून त्याने पाहिले. आठ जागांची पेटी, आठही भरलेल्या. नवी पेटी बसवल्याशिवाय लाइन मिळणार नाही, हे त्याने आम्हाला सांगितले नाही. वरच्या साहेबाला कळवतो म्हणून गेला. पैसे घेताना ही पेटी पाहायला कोणी आले नव्हते. म्हणून आमचे सांगणे असे की पैसे देण्याआधी माणूस बोलवावा, त्याच्याबरोबर खांबापर्यंत चालत जावे, आणि पेटीत जागा रिकामी आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. गोदामात माल नाही आणि व्यापारी बयाणा घेतो, असे झाले तर आपण काय म्हणू?

चौथा दिवस शुक्रवार होता. मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ज्याने दुसऱ्या गावात बसून कामाची वेळ ठरवली त्याला ठाऊक नव्हते. बसवणारी मुले दुपारी सव्वा वाजता आली. घरातले सगळे पुरुष जुम्याच्या नमाजला गेलेले. मुलांनी दोनदा बेल वाजवली, घरात पुरुष नाही म्हणून बायकांनी दार उघडले नाही, आणि ग्राहक जागेवर नाही असे लिहून मुले निघून गेली. नमाजहून परतलो तो फोनवर संदेश आलेला की तुमची मागणी बंद करण्यात आली आहे. पुन्हा नोंदणी, पुन्हा नवा नंबर. वेळ घेताना शुक्रवारी दुपारी येऊ नका, हे फोनवर सांगून भागत नाही, अर्जात लिहून घ्यावे लागते.

त्यानंतरचे दोन दिवस शेजाऱ्याच्या गच्चीत गेले. नवी पेटी ज्या खांबावर बसली तिथून आमच्या घरी तार आणायची तर मधल्या घराच्या गच्चीवरून आणावी लागत होती. शेजारी आढेवेढे घेऊ लागला. त्याचेही कारण होते. आधीच्या चार-पाच कंपन्यांच्या तारा त्याच्या कठड्यावर लोंबत होत्या, काही तर बंद पडलेल्या लाइनींच्या, कोणी काढून नेलेल्या नाहीत. शेजाऱ्याला भिंतीत लाकूड रोवायला मनाई करू नये, अशा अर्थाची हदीस हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आली आहे आणि ती बुखारी व मुस्लिम दोन्हीत आहे. ती त्याला आठवण करून देण्याचा मोह आम्हाला झाला. पण तिच्यात आपल्यावरही एक जबाबदारी येते. लाकूड रोवणाऱ्याने भिंत पाडावी, असे त्यात नाही. आम्ही त्याच्या कठड्यावरच्या बंद तारा मुलांकरवी काढून दिल्या, आमची तार पाइपातून नेली, आणि तो राजी झाला. हे काम पहिल्या दिवशी करता आले असते.

या काळात ११ तारीख येऊन गेली. मुनीमजींचा मुलगा लॅपटॉप घेऊन रात्री आमच्या गच्चीवर बसला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, कारण खालच्या मजल्यावर पत्रे आणि लूम यांच्या मध्ये मोबाइलला रेंज धरत नाही. पावसाची झिमझिम चालू, वर प्लास्टिक धरलेले. बिले कशीबशी चढली, अल्हम्दुलिल्लाह. सुनेचे मात्र निभावले नाही. तीन ऑर्डरी वेळेत पाठवता आल्या नाहीत म्हणून रद्द झाल्या आणि तिच्या दुकानाचे तारे उतरले. ते परत चढायला तिला दोन महिने लागले. आम्ही तिला न विचारता लाइन तोडली होती. ज्याचा धंदा त्या लाइनवर चालतो त्याला विचारल्याशिवाय घरातल्या कर्त्याने असा निर्णय घेऊ नये, मग तो कर्ता वयाने कितीही मोठा असो.

नवव्या दिवशी लाइन लागली. आणि लावायला कोण आले? जुन्या लाइनच्या दुरुस्तीला जो मुलगा यायचा तोच. मोठ्या कंपनीने आमच्या भागाचे काम एका ठेकेदाराला दिलेले, आणि ठेकेदाराने याच मुलांना नगावर कामाला लावलेले. एक लाइन बसवली की ठरलेले पैसे, त्यामुळे जितके लवकर उरकेल तितके बरे. बॅनरवरचे नाव बदलले, शिडीवरचा माणूस तोच राहिला. तेव्हापासून कोणी आम्हाला कोणती कंपनी चांगली असे विचारले तर आम्ही उलट विचारतो की तुमच्या गल्लीत तार तुटल्यावर कोण येतो आणि किती तासांत येतो? हे कंपनीच्या माणसाला विचारून कळत नाही. त्याच गल्लीतल्या ज्या घरात ती लाइन आहे तिथे जाऊन विचारावे, तेही पावसाळ्याबद्दल विचारावे.

हा मुलगा हुशार निघाला, आणि त्याच्याजवळ बसून आम्ही थोडी माहिती घेतली. तारेतून वीज जात नाही, प्रकाश जातो. खांबावरच्या पेटीत एकाच तारेतला प्रकाश आठ, सोळा किंवा त्याहून जास्त घरांत वाटला जातो. घरापर्यंत किती प्रकाश पोचला हे मोजायला त्याच्याकडे छोटा मीटर असतो. आकडा वजा चिन्हात येतो. वजा १८ ते वजा २४ च्या दरम्यान असला तर ठीक, वजा २७ च्या पलीकडे गेला की लाइन धरत नाही. दर ३ आकड्यांमागे प्रकाश निम्मा होतो, म्हणजे १८ आणि २४ मध्ये चौपटीचा फरक आहे. बसवणाऱ्याला हा आकडा विचारावा आणि भिंतीवर पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तक्रार करताना तो उपयोगी पडतो.

आपल्यासारख्यांच्या घरांत आणखी एक अडचण आहे. खाली लूम असले की घरभर कापसाची रुई उडते. फायबरच्या टोकाला जो हिरवा जोड असतो त्याच्या तोंडावर रुईचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो. काचेची तार केसाएवढी बारीक, तिला तेवढा कण पुरे होतो. म्हणून तो जोड उगाच काढू-घालू नये, आणि काढलाच तर टोपी लावल्याशिवाय उघडा ठेवू नये. तार कोपऱ्यावर काटकोनात वाकवली तरी प्रकाश गळतो. पेटीवर लाल दिवा लागला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे, मग पेटी दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ तक्रार नोंदवावी. वीज गेली की ही पेटीही बंद पडते, तिच्यासाठी छोटी बॅटरी बाजारात मिळते ती घेऊन ठेवावी. आणि एक युक्ती त्या मुलाने सांगितली ती फार कामाची. नव्या पेटीत वायफायचे नाव आणि पासवर्ड हुबेहूब जुनेच टाकावे. मग गोदामाचे कॅमेरे, प्रिंटर, सगळ्यांचे मोबाइल आपोआप जोडले जातात, एकेकाला हात लावावा लागत नाही.

वेगाचे प्रकरण मात्र मापाचे आहे. बॅनरवर शंभर लिहिलेले असते आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात 'पर्यंत' अशा अर्थाचा शब्द असतो. आम्ही कपड्याचा तागा वीस मीटरचा म्हणून दिला आणि तो अठरा भरला, तर पार्टी आमचे तोंड पाहणार नाही. वीस मीटरपर्यंत असे आम्ही बिलावर लिहून पाहावे म्हणजे कळेल. माप कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह अल-मुतफ्फिफीन आहे, आणि तारेतून जाणारा माल तिच्यातून वगळला असे आम्हाला कुठे आढळले नाही. सरकारी व्याख्याही ग्राहकाच्या फारशा उपयोगाची नाही. २०२३ साली ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेग २ एमबीपीएस केला, म्हणजे शंभरचे पैसे देऊन रात्री तीन मिळाले तरी नावाने ते ब्रॉडबँडच! वेग मोजताना पेटीला तार जोडून लॅपटॉपवर मोजावा, आणि रात्री नऊ वाजता मोजावा. वायफायवर दोन भिंतींपलीकडे मोजून कंपनीला दोष देणे हाही अन्याय आहे. तो दोष भिंतींचा असतो.

पैशाचे बोलायचे तर जाहिरातीतली रक्कम बहुधा कर सोडून असते. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घेतला तर धंद्यापुरत्या वापराचा कर वजा मिळतो. घरातल्या वापराचा मिळत नाही, तिथे लबाडी करू नये. पेटी कोणाची, विकत की अमानत, ठेव किती, मध्येच सोडले तर आगाऊ भरलेल्याचे काय, हे पैसे देण्याआधी लेखी विचारावे. अॅपवर अटी इंग्रजीत असतात. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्याला त्या वाचताना घाम फुटतो. आम्ही मुलाकडून वाचून घेतल्या, पण लाइन लागल्यावर.

तक्रारीचा रस्ता आहे, तो वापरला जात नाही एवढेच. आधी कंपनीच्या केंद्रात तक्रार करून तिचा नंबर घ्यावा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते, ही दोन पायऱ्यांची व्यवस्था ट्रायने २०१२ च्या नियमांनी घातली आहे. सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक मंचात जाता येत नाही, असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न निकालात काढला, जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. पण तिथे कागद लागतो. आमच्या जुन्या लाइनचा एकही कागद आमच्याकडे नव्हता, फक्त अंगठ्याच्या खुणा होत्या, त्यामुळे भांडायचे म्हटले तरी कशावर भांडणार?

आणि तो कागद आम्हीच मागितला नव्हता. बिल घेतले तर १८ टक्के जास्त पडतील म्हणून दोन वर्षे आम्ही गप्प होतो. मोहल्ल्यात एक लाइन घेऊन तीन घरांत वाटणारे आहेत. उद्या तिसऱ्या घरातून कोणी काही भलतेसलते केले तर पोलीस ज्याच्या नावाची लाइन त्याच्या दारात येतील. शेवटच्या महिन्याचे पैसे बुडवून आणि पेटी कपाटात ठेवून लाइन बदलणारेही आपल्यातच आहेत. ती पेटी अमानत आहे. स्थानिक मुलाचा धंदा अशा पाच-पन्नास पेट्यांनीच बुडतो, मोठ्या कंपनीला त्याने काही होत नाही.

आम्हाला विचारले तर आम्ही स्थानिक मुलाला सोडा असे सांगणार नाही. तार तुटल्यावर रात्री दहाला शिडी घेऊन येणारा तोच असतो. पण त्याने बिल द्यावे, जेवढा वेग देता येतो तेवढाच सांगावा, आणि संध्याकाळी लाइन पुरत नसेल तर नवी घरे घेणे थांबवावे. महिन्यापूर्वी तो दुकानावर आला होता. चाचा, निदान आधी सांगायचे होते, म्हणाला. त्याचे म्हणणे रास्त होते, आम्ही तसे त्याला सांगितलेही. आता तो वरून मोठी लाइन घेणार आहे आणि जीएसटी नंबरसाठी अर्ज केला आहे, असे सांगत होता. आमचे नव्या कंपनीतले सहा महिने पुढच्या महिन्यात संपतात. त्याच्याकडे आमची पंधराशे रुपयांची ठेव अजून येणे आहे.